कॉम्प्युटर म्हातारा झाला, हे ठरवलं कुणी?

(पोस्ट मोठी आहे. पण तुमच्या शाळेत, ग्रामपंचायतीत, वाचनालयात किंवा घराच्या माळ्यावर एखादा जुना कॉम्प्युटर धूळ खात पडला असेल, तर शेवटपर्यंत वाचा.)

गेल्या नोव्हेंबरातली गोष्ट. घुग्घुसला एका अभ्यासिकेत मी रविवारी जातो. पोलीस भरती, तलाठी, रेल्वे, बँक अशा परीक्षांची तयारी करणारी पोरं-पोरी तिथं बसतात. बहुतेकांच्या घरी एक खोली, त्यात पाच माणसं आणि टीव्ही. त्यामुळे ही अभ्यासिका म्हणजे त्यांच्यासाठी घराबाहेरचं टेबल-खुर्ची. तिथं नऊ कॉम्प्युटर आहेत. एकही विकत घेतलेला नाही. कुणा ऑफिसनं बदलले म्हणून दिले, कुणाच्या मुलाला लॅपटॉप आला म्हणून घरातला डेस्कटॉप आणून ठेवला, असे जमत गेले.

त्या दिवशी समितीची बैठक होती आणि विषय एकच: हे नऊच्या नऊ काढून टाकायचे. कारण सांगितलं गेलं ते असं, की विंडोज १० बंद झालं, ११ यांच्यावर चढत नाही, म्हणजे हे आता कामाचे नाहीत. नवीन नगाला अडतीस हजारांचं कोटेशन आलं होतं. नऊ नगांचे तीन लाख बेचाळीस हजार. आणि भंगारवाला जुन्याचे नगाला तीनशे द्यायला तयार होता.

तीन लाख बेचाळीस हजार अभ्यासिकेकडे नव्हते. म्हणजे ठरावाचा खरा अर्थ असा, की जुने आज जातील आणि नवे "देणगीदार भेटला की" येतील. असे देणगीदार कधी भेटतात ते आपल्याला माहीत आहे.

मी म्हटलं, मला चार रविवार द्या. एक ज्येष्ठ काका हसून म्हणाले, "कायले जीव लावता जी, मेलेल्या मढ्याले?"

काकांचं चूक नव्हतं. पण मढं आहे की नुसतं झोपलंय, हे तपासल्याशिवाय कसं कळणार?

नेमकं काय संपलं?

आधी हे स्पष्ट करू, कारण निम्मा घोळ इथंच आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० ला मोफत सुरक्षा अपडेट देणं थांबवलं. जुलै २०१५ मध्ये आलेली प्रणाली, दहा वर्षं चालली. त्या दिवशी कुठलाही कॉम्प्युटर बंद पडला नाही. १५ तारखेला सकाळी तो तसाच सुरू झाला. फक्त त्यात पुढे सापडणारी भोकं बुजवायला आता कुणी येणार नाही.

मग विंडोज ११ टाका ना! तर त्याला अटी आहेत. टीपीएम २.० नावाची सोय हवी, म्हणजे कुलपाच्या किल्ल्या सुरक्षित ठेवणारी एक छोटी व्यवस्था. आणि प्रोसेसर साधारण इंटेलच्या आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा हवा. आठवी पिढी आली २०१७ मध्ये. म्हणजे २०१६ चा चांगला, खणखणीत आय-५ सुद्धा या यादीत बसत नाही. तो हळू आहे म्हणून नाही, यादीत नाही म्हणून. कॅनालिस या संस्थेनं २०२३ मध्येच अंदाज दिला होता, की या बदलामुळे जगभरातले सुमारे २४ कोटी कॉम्प्युटर भंगारात जाऊ शकतात.

अटींमागे सुरक्षेचं कारण आहे, ते खोटं नाही. अटी डावलून विंडोज ११ बसवण्याच्या युक्त्याही यूट्यूबवर भरपूर आहेत. पण अशा मशीनला पुढे अपडेट मिळतीलच याची हमी कंपनी देत नाही. सार्वजनिक ठिकाणी, जिथं शंभर पोरं बसतात, तिथं मी ती युक्ती वापरणार नाही.

"चालू आहे ना, मग चालू द्या"

समितीतलं दुसरं मत हे होतं. काही करू नका, जसं आहे तसं चालू द्या.

घुग्घुसच्या माणसाला याचं उत्तर द्यायला लांबचं उदाहरण लागत नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये आपल्या आमराई वॉर्डात एक अख्खं घर जमिनीत गेलं. घरातले वेळीच बाहेर पडले म्हणून वाचले. घराच्या भिंतीत दोष नव्हता. आदल्या दिवशीपर्यंत ते घर शेजारच्या घरासारखंच होतं. पोकळी खाली होती, जुन्या भूमिगत खाणीची. अपडेट बंद झालेल्या प्रणालीचं तसंच आहे. वरून सगळं जागच्या जागी, आणि खाली काय पोखरलं गेलंय ते दिसत नाही.

मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' नावाचा हल्ला झाला. दीडशे देशांतले दोन लाखांहून जास्त कॉम्प्युटर कुलूपबंद झाले, फायली सोडवायला खंडणी मागितली गेली. ज्या भोकातून तो घुसला, त्याची दुरुस्ती मार्चमध्येच आली होती. ज्यांनी अपडेट केलं नव्हतं ते सापडले. पुढच्याच महिन्यात 'नोटपेट्या' नावाच्या दुसऱ्या हल्ल्यानं मुंबईजवळच्या जेएनपीटी बंदरातलं एक टर्मिनल ठप्प केलं. म्हणजे हे अमेरिका-युरोपातलंच दुखणं आहे असंही नाही.

आणि आमच्या त्या नऊ मशीनवर काय होतं? पोरांचे आधार कार्ड, जातीचे दाखले, सह्या, बँक पासबुकं. फॉर्म भरताना स्कॅन करून डेस्कटॉपवर ठेवलेलं आणि विसरलेलं.

म्हणून "चालू द्या" हेही नाही आणि "फेकून द्या" हेही नाही.

पहिला रविवार: ब्लोअर आणि ब्रश

प्रणालीचा विचार नंतर. आधी झाकण उघडा. बाबा खाणीत पंप खलाशी होते. पंप पाणी ओढत नसला की ते आधी जाळी काढून बघायचे, पंपाला दोष नंतर. तीच सवय मला लागली.

पहिल्याच मशीनचं झाकण काढलं आणि अंगणात काळा ढग उठला. आपल्या गावात घराच्या ओट्यावर सकाळी झाडलेलं दुपारी काळं होतं, तर पंखा लावून दिवसभर हवा आत ओढणाऱ्या डब्याचं काय होत असेल? प्रोसेसरवरच्या पंख्याच्या पात्यांमध्ये कोळशाची धूळ गच्च बसलेली. त्याखालची थर्मल पेस्ट वाळून खपली झालेली. उन्हाळ्यात इथं ४५-४६ अंश नेहमीचेच. अशा वेळी प्रोसेसर जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतो. आपण म्हणतो, "जुना झाला, स्लो झाला." तो जुना नाही, तापलेला असतो.

दुसरी गंमत म्हणजे बॅटरी. मदरबोर्डवर नाण्याएवढी एक बॅटरी असते, चाळीस रुपयांची. ती संपली की दर वेळी सुरू करताना तारीख मागे जाते. एका मशीनवर तारीख २०१२ ची होती. तारीख चुकली की बँकेची, सरकारी, कुठलीच सुरक्षित वेबसाइट उघडत नाही, "कनेक्शन सुरक्षित नाही" असं येतं. त्या मशीनवर "इंटरनेट चालत नाही" अशी चिठ्ठी वर्षभर चिकटवलेली होती. चाळीस रुपयांसाठी.

धुऊन-पुसून झाल्यावर नऊ जणांची यादी केली:

१) एक आय-५, सहाव्या पिढीचा, ८ जीबी रॅम.
२) पाच आय-३, तिसऱ्या-चौथ्या पिढीचे, ४ जीबी रॅम.
३) दोन कोअर टू ड्युओ, २ जीबी रॅम.
४) एक पेन्टियम ४. याला हात जोडले. वीज जास्त खातो, काम कमी देतो. प्रत्येक जुन्याला वाचवायचंच असा माझा हट्ट नाही.

दुसरा रविवार: खर्च कुठं करायचा

मित्रहो, जुन्या कॉम्प्युटरवर एकच खर्च करायचा असेल तर तो एसएसडीचा करा. जुन्या हार्ड डिस्कमध्ये फिरणारी तबकडी आणि तिच्यावर सरकणारी सुई असते. प्रत्येक फाईलसाठी ती सुई जागेवर जाईपर्यंत प्रोसेसर हात बांधून बसतो. एसएसडीत फिरणारं काहीच नाही. आमच्या आय-३ ला सुरू होऊन ब्राउझर उघडायला चार मिनिटं लागायची, ती अर्ध्या मिनिटावर आली. तेव्हा तर प्रणाली बदललीही नव्हती.

हिशेब देतो, कारण सार्वजनिक पैशाचा हिशेब सार्वजनिक असावा. सहा एसएसडी, नगाला सोळाशे, ९,६०० रुपये. पाच आय-३ साठी वापरलेल्या रॅमच्या पाच पट्ट्या, नागपूरला सीताबर्डीतून, नगाला सातशे, ३,५०० रुपये. आठ बॅटऱ्या ३२० रुपये. थर्मल पेस्ट २५० रुपये. एकूण १३,६७०. कोटेशन होतं ३,४२,००० चं.

तिसरा रविवार: कुठली प्रणाली?

इथं मी आधी एकदा तोंडावर पडलोय, ते सांगितल्याशिवाय पुढे जाणं बरोबर नाही.

मागच्या जून महिन्यात, ऐन प्रवेशाच्या दिवसांत, ओळखीतल्या एका ताईंचा लॅपटॉप फार हळू झाला होता. त्या घरच्या पुढच्या खोलीत फॉर्म भरून देण्याचं काम करतात. मी तेव्हा नुकताच लिनक्स शिकलो होतो आणि नव्यानं शिकलेल्या माणसाला जगाला शहाणं करायची घाई असते. मी एका संध्याकाळी त्यांच्या लॅपटॉपवरचं विंडोज पुसलं आणि लिनक्स टाकलं. लॅपटॉप पळायला लागला. ताई खूश, मी त्याहून खूश.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन. अंगठ्याचं मशीन चालेना. त्या मशीनला लागणारं सॉफ्टवेअर विंडोजसाठी आणि अँड्रॉइडसाठीच होतं. गल्लोगल्ली दिसतो तो छोटा लेझर प्रिंटर, तोही कोरे कागद ओकत होता. बाहेर दाखल्यांसाठी बायका रांगेत. दोन दिवस त्यांचा धंदा बसला, मी रात्र जागून परत विंडोज टाकून दिलं. ताई रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "भाऊ, तुमचं ज्ञान चांगलं आहे. पण माह्यं पोट अंगठ्यावर चालते."

चूक पूर्ण माझी होती. मी मशीन बघितलं, तिच्यावर काम करणारा माणूस बघितला नाही. त्या दिवसापासून नियम केला: "कुठली प्रणाली चांगली?" हा प्रश्नच विचारायचा नाही. "यावर रोज काय काम होतं?" हा विचारायचा.

म्हणून या वेळी आधी आठवडाभर वही ठेवली. कोण बसतं, काय करतं. निघालं असं: व्हिडिओवरची लेक्चर, पीडीएफ, जुन्या प्रश्नपत्रिका, ऑनलाइन सराव परीक्षा, फॉर्म आणि टायपिंग. शेवटचं सोडलं तर सगळं ब्राउझरमध्ये. ब्राउझर कुठल्याही प्रणालीवर सारखाच.

मग वाटणी अशी केली:

चार आय-३ वर लिनक्स मिंट, त्याची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती. सुरू झाल्यावर रिकामं बसलेलं असताना आमच्या मशीनवर ती साधारण ७००-८०० एमबी रॅम घेते, बाकीची ब्राउझरला मोकळी. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. शिवाय झेडरॅम नावाची सोय चालू केली. रॅम भरत आली की ती आतला मजकूर दाबून कमी जागेत ठेवते, त्यामुळे मशीन गोठत नाही.

आय-५ आणि उरलेला एक आय-३ यांवर विंडोज १० च ठेवलं, पण एसएसडीवर नव्यानं टाकून. कारण टायपिंगच्या परीक्षेचा सराव पोरं ज्या सॉफ्टवेअरवर करतात ते विंडोजचं आहे, आणि कधीतरी एखादा फॉर्म दुसरीकडे नखरे करतो. यांना मायक्रोसॉफ्टच्या वाढीव मुदतीत नोंदवलं. मायक्रोसॉफ्टचं खातं जोडून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला तर ती मोफत मिळते. १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच आहे. त्यानंतर ही दोन मशीन इंटरनेटपासून तोडायची, असं भिंतीवर लिहून लावलंय. टायपिंगच्या सरावाला इंटरनेट लागत नाही.

दोन कोअर टू ड्युओंवर डेबियन १२ आणि त्यावर अगदी हलका डेस्कटॉप. खोटं सांगत नाही, २ जीबी रॅमवर आजचा ब्राउझर कुठल्याही प्रणालीत रडतोच. यूट्यूब त्यांच्यावर बघू नका असं सांगून ठेवलंय. पीडीएफ वाचणं, लिहिणं, मराठी टायपिंगला हात बसवणं, एवढंच त्यांचं काम. मराठी इनस्क्रिप्ट कळपाट सेटिंगमधून जोडता आली, वेगळं काही विकत घ्यावं लागलं नाही. एक अडचण आहे. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधल्या मराठी फायली उघडल्या की मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. तो फॉन्ट असलेल्या मशीनवरच त्या वाचता येतात. हा दोष लिनक्सचा नाही, आपण वीस वर्षं युनिकोड टाळलं त्याचा आहे.

कुणाला स्वतः करून बघायचं असेल तर एक सांगतो: पुसायची घाई करू नका. मिंट पेन ड्राइव्हवरून चालवून बघता येतं, आतल्या डिस्कला हातही लागत नाही. वाय-फाय, आवाज, प्रिंटर, आणि असेल तर अंगठ्याचं मशीन, सगळं तपासा. चाललं तर पुढे. फायलींची प्रत दुसरीकडे काढा. मगच पुसा.

चौथा रविवार

पोरांची प्रतिक्रिया? मला वाटलं होतं तक्रारी येतील. एका पोरीनं विचारलं, "सर, यात एक्सेल आहे का?" लिबरऑफिस दाखवलं. पाच मिनिटं इकडेतिकडे बघितलं आणि लागली कामाला. एकानं "हे लिनक्स म्हणजे हॅकरचं असते ना जी?" असं विचारलं. त्याला म्हटलं, तुझ्या खिशातला अँड्रॉइड फोन आहे ना, त्याच्या पोटातही लिनक्सच आहे. कधीपासून वापरतोयस!

अडचण पोरांना आली नाही, आम्हा मोठ्यांना आली. मी २००५ मध्ये एमएस-सीआयटी केलं. माझ्यासाठी कॉम्प्युटर म्हणजे डावीकडे खाली स्टार्टचं बटण. ते जागचं हललं की आम्हाला वाटतं मशीन बिघडलं. या पोरांचं तसं नाही. ती दर दोन वर्षांनी नवा फोन वापरतात, बटणं शोधायची त्यांना सवय आहे.

आता खरा मुद्दा

ही फक्त एका अभ्यासिकेची गोष्ट असती तर एवढं लिहिलं नसतं.

त्या ताईंचा विचार करा. त्यांचा लॅपटॉप चांगला होता. लिनक्स फुकट होतं. तरी त्या अडकल्या, कारण सरकारी कामाला लागणारं साधन दोनच प्रणालींवर चालतं. म्हणजे दाखला सरकारचा, अंगठा नागरिकाचा, लॅपटॉप ताईंचा. पण तो लॅपटॉप कधी बदलायचा हे ठरवणार तिसराच. चाळीस हजार ताईंच्या खिशातून जाणार. आणि शेवटी ते वसूल कुणाकडून होणार? रांगेतल्या बाईकडून, फॉर्ममागे दहा-वीस रुपये जास्त घेऊन.

गंमत म्हणजे कागदावर आपलं धोरण याच्या उलट आहे. केंद्र सरकारनं २०१५ मध्ये मुक्त सॉफ्टवेअर स्वीकारण्याचं धोरण जाहीर केलं. त्याच्याही आधी, २००७ मध्ये, सी-डॅकनं 'बॉस' नावाची आपली लिनक्स प्रणाली काढली, मराठीसकट भारतीय भाषांत चालणारी. तुमच्या तालुक्यातल्या किती कार्यालयांत ती बघितलीत? मी एकाही नाही.

होत नाही असं नाही. केरळनं शाळांचं संगणक शिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवर नेलं. आयटी अॅट स्कूल हा त्यांचा प्रकल्प २००१ चा, पुढे त्याचीच 'काइट' ही संस्था झाली. २०१९ मध्ये तिथल्या शाळांमधल्या दोन लाखांहून जास्त कॉम्प्युटरवर त्यांची स्वतःची लिनक्स आवृत्ती होती. नुसती सीडी वाटून हे झालं नाही. आधी शिक्षकांना शिकवलं, मल्याळममध्ये पाठ्यपुस्तकं केली आणि दहावीची आयटीची प्रात्यक्षिक परीक्षाही त्याच प्रणालीवर घेतली. परीक्षा जिथं, तिथं सराव. आपल्याकडे टायपिंगच्या परीक्षेनं दोन मशीन विंडोजला बांधून ठेवली, ती याच नियमानं.

उलट उदाहरणही सांगायला हवं. जर्मनीतल्या म्युनिक शहरानं २००३ मध्ये लिनक्सकडे जायचं ठरवलं, २०१३ पर्यंत सुमारे १५ हजार कॉम्प्युटर नेले, आणि २०१७ मध्ये परत विंडोजकडे वळायचा निर्णय घेतला. एकटं शहर बदललं, बाकी सगळी व्यवस्था बदलली नाही, तर दम लागतो. ताईंचं जे दोन दिवसांत झालं तेच म्युनिकचं चौदा वर्षांत झालं. म्हणून मी कुणाला "सगळे लिनक्स टाका" असं सांगत नाही. मागणी त्याहून लहान आहे: सरकारी वेबसाइट आणि सरकारी कामाची साधनं कुठल्याही प्रणालीवर चालली पाहिजेत, ही अट निविदेतच घाला. मग कुणाला काय वापरायचं ते तो बघेल.

दुसरी मागणी निर्लेखनाची. शाळेत, कार्यालयात डेडस्टॉक रजिस्टरला कॉम्प्युटर चढतो आणि काही वर्षांनी निर्लेखन होऊन लिलावात किलोवर जातो. त्या वेळी "दुरुस्त होईल का?" हा रकाना भरायला लावा. झाकण उघडून, धूळ काढून, एसएसडी लावून बघितल्याचा शेरा असल्याशिवाय सही नको. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. त्यांतही जुनी वस्तू दुरुस्त करून परत वापरात आणणाऱ्याला जागा दिली आहे. सगळंच तोडायला पाठवा असं नियम म्हणत नाहीत.

आणि जे खरंच भंगारात द्यायचं, त्याची डिस्क आधी पूर्ण पुसा किंवा काढून घ्या. आमच्या त्या पेन्टियम ४ ची डिस्क मी उत्सुकतेपोटी लावून बघितली. त्यात साठ-सत्तर पोरांची कागदपत्रं निघाली. सह्यांसकट. तीनशे रुपयांत तेही गेलं असतं.

शेजारच्या गडचिरोलीत मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. तरी बांबू वाहून नेण्याचे परवाने ग्रामसभेच्या हाती यायला २०११ उजाडलं. जंगल समोर, बांबू समोर, पण तो कधी तोडायचा आणि कुठं न्यायचा हे ठरवणारे दुसरीकडे बसलेले. कॉम्प्युटरची तुलना जंगलाशी होत नाही, मला कळतं. पण आपल्या दारातल्या वस्तूचा निर्णय आपल्या हातात का नसावा, हा प्रश्न तिथल्या लोकांनी नेटानं विचारला म्हणून तो मिळाला. आपण हा लहान प्रश्न तरी विचारू.

डिसेंबरच्या बैठकीत नऊपैकी आठ मशीन चालू होती. काका आले, एकासमोर बसले, बातम्या उघडल्या, दहा मिनिटं वाचल्या. उठताना म्हणाले, "मढं उठून बसलं म्हणजे." ठराव मागे घेतला गेला. भंगारवाला एक पेन्टियम घेऊन गेला, डिस्कशिवाय.

ही आठही कायमची नाहीत. तीन-चार वर्षांत यातली काही जातील, तेव्हा नवीन लागतीलच आणि तेव्हा मीच समितीत "घ्या" म्हणेन. पण ती तीन-चार वर्षं म्हणजे पोरांच्या दोन-तीन तुकड्या. त्यांना "देणगीदार भेटला की" असं सांगून घरी पाठवावं लागलं नाही, मला तेवढं पुरे आहे.

आता उन्हाळा तोंडावर आहे. त्यामुळे घुग्घुस, वणी, राजुरा, भद्रावती, चंद्रपूर या पट्ट्यातल्या सगळ्यांना एक कळकळीची विनंती: आज-उद्या कधीतरी झाकण उघडा. प्लग काढून, कोरड्या ब्रशनं, पंख्याचं पातं बोटानं धरून. ब्लोअर मारताना तोंडाला रुमाल बांधा.

आणि तुमच्या शाळेत किंवा ग्रामपंचायतीत निर्लेखनाची यादी तयार होत असेल, तर सही व्हायच्या आधी कळवा. रविवार मोकळा असतो. बाबांचा स्क्रू ड्रायव्हर अजून आहे.